माणसे वाचणारा कादंबरीकार : ई. एम. फॉर्स्टर

कादंबरीतील व्यक्तिरेखांची 'सपाट' आणि 'गोलाकार' अशी विभागणी जगभरच्या समीक्षेत रूढ करणारे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली काही महिने देवासच्या मराठा संस्थानात नोकरी केली होती. तेथे भेटलेला एक राजा त्यांना अखेरपर्यंत पुरता उलगडला नाही. पात्रांची पारख शिकविणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या आयुष्याची एक बाजू मात्र जन्मभर झाकून ठेवली.

साहित्याच्या पदवी परीक्षेत कादंबरीवर एक प्रश्न हमखास येतो. सपाट व्यक्तिरेखा आणि गोलाकार व्यक्तिरेखा यांमधील फरक सोदाहरण स्पष्ट करा, असा तो प्रश्न. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, दोन-चार उदाहरणे देतात आणि गुण पदरात पाडून घेतात. ही परिभाषा रूढ करणाऱ्या माणसाचे नावही बहुतेकांना ठाऊक असते. पण ती त्याला कोणत्या वाटेने सापडली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती वाट लंडनच्या परिसरात सुरू होते आणि इटली, मुंबई, देवास, अलेक्झांड्रिया असे वळसे घेत केंब्रिजच्या एका सभागृहात पोहोचते.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडन येथे झाला. वडील वास्तुरचनाकार होते. मूल दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. नावाच्या बाबतीतही एक गंमत घडली. जन्माची नोंद हेन्री या नावाने झाली होती. परंतु बाप्तिस्म्याच्या वेळी गोंधळ होऊन वडिलांचेच नाव मुलाला चिकटले. पुढे आई लिली, मावश्या, आत्या आणि आज्या यांच्या गराड्यात हा एकुलता एक मुलगा वाढला. चहाच्या टेबलाभोवती बसून बोलणाऱ्या या स्त्रियांचे शब्द, त्यांचे मौन आणि त्यांचे छुपे रुसवे यांचे निरीक्षण ही त्याची पहिली शाळा होती.

हर्टफर्डशायरमधील स्टिव्हनेजजवळच्या 'रुक्सनेस्ट' नावाच्या घरात १८८३ ते १८९३ ही दहा वर्षे मायलेकरांनी काढली. ते घर सोडावे लागल्याचे दुःख फॉर्स्टर यांच्या मनातून कधी गेले नाही आणि पुढे 'हॉवर्ड्स एंड' या कादंबरीतील घर त्यातूनच उभे राहिले. वडिलांच्या मावशी मॅरिअन थॉर्नटन यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्राद्वारे या मुलासाठी आठ हजार पौंड ठेवले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम मोठी होती. शिक्षण, प्रवास आणि लेखन यांसाठी पोटापाण्याची चिंता न करता वेळ देता आला, तो या वारशामुळे. फॉर्स्टर यांनी हे ऋण लपविले नाही. १९५६ साली त्यांनी या आजीचे चरित्रही लिहिले.

टनब्रिजच्या शाळेतले दिवस मात्र त्रासाचे गेले. वसतिगृहातील मुलांच्या जगात घरून ये-जा करणारा हा हळवा मुलगा चेष्टेचा विषय झाला. १८९७ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्यांना मोकळा श्वास घेता आला. तेथे नाथानिएल वेड आणि गोल्डस्वर्दी लोज डिकिन्सन यांच्यासारखे अध्यापक भेटले, वादविवाद करणारे मित्र मिळाले आणि मैत्री हेच आयुष्यातील सर्वांत मोठे मूल्य आहे, ही श्रद्धा पक्की झाली.

पहिली पात्रे

पदवीनंतर १९०१ मध्ये ते आईला घेऊन इटलीच्या प्रवासास निघाले. इंग्रज प्रवाशांनी भरलेल्या खानावळी, हातातले मार्गदर्शक पुस्तक सोडून इकडेतिकडे न पाहणाऱ्या प्रौढ कुमारिका आणि खिडकीबाहेर वाहणारे मोकळे इटालियन जीवन, असा दुहेरी खजिना त्यांच्या हाती लागला. १९०५ मध्ये 'व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड', १९०७ मध्ये 'द लाँगेस्ट जर्नी' आणि १९०८ मध्ये 'अ रूम विथ अ व्ह्यू' अशा तीन कादंबऱ्या त्यांनी लागोपाठ दिल्या.

यांपैकी तिसरी कादंबरी त्यांचे पात्रनिर्मितीचे कसब समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी आहे. ल्युसी हनीचर्च या तरुणीसोबत तिची चुलत बहीण शार्लट बार्टलेट ही सोबतीण म्हणून फ्लॉरेन्सला येते. शार्लट प्रत्येक गोष्टीत आढेवेढे घेते, स्वतःच्या त्यागाची आठवण करून देते आणि प्रेमाच्या वाटेत काटे पेरते. वाचक तिला एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवतो. परंतु शेवटच्या पानांत एक शंका डोके वर काढते. ल्युसीचे आयुष्य मार्गी लावणारी भेट याच बाईने मुद्दाम घडू दिली असेल काय? लेखक खात्रीने काही सांगत नाही. मात्र तेवढ्या शंकेने शार्लटचे सारे पूर्वीचे वागणे पुन्हा तपासावेसे वाटते. ल्युसीने लग्न मोडल्यावर तिचा पुस्तकी, शिष्ट वाग्दत्त वर सेसिल व्हाइज ज्या सभ्यतेने तो नकार स्वीकारतो, तोही असाच अनपेक्षित आणि तरीही पटणारा क्षण आहे.

१९१० मधील 'हॉवर्ड्स एंड'ने फॉर्स्टर यांना पहिल्या रांगेत बसविले. सुसंस्कृत श्लेगेल भगिनी, व्यवहारी विल्कॉक्स कुटुंब आणि दारिद्र्याच्या काठावर उभा असलेला कारकून लिओनार्ड बास्ट अशा तीन थरांतील माणसांची ही कथा. हेलन श्लेगेल आणि बास्ट यांचा क्षणिक संबंध आणि त्यातून जन्मणारे मूल हा भाग मात्र अनेकांना पटला नाही. कथालेखिका कॅथरिन मॅन्सफिल्ड यांनी आपल्या रोजनिशीत त्याची थट्टाही केली. धक्का बसतो, पण विश्वास बसत नाही, असा तो आक्षेप होता. सतरा वर्षांनंतर पात्रांची कसोटी सांगताना फॉर्स्टर यांनी नेमका हाच भेद मध्यवर्ती मानला.

याच सुमारास त्यांच्या लेखनाला एक अडसर जाणवू लागला. ते समलिंगी होते आणि इंग्लंडच्या कायद्याने तो गुन्हा होता. ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ साली झालेली शिक्षा त्यांच्या पिढीच्या मनावर कोरलेली होती. स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची तीच ती कथा लिहिण्याचा आता कंटाळा आला आहे आणि दुसरी लिहिण्याची मुभा नाही, अशी कबुली त्यांनी १९११ मध्ये रोजनिशीत देऊन ठेवली. १९१३-१४ मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमावरील 'मॉरिस' ही कादंबरी त्यांनी लिहिली. मात्र मोजक्या मित्रांना दाखवून हस्तलिखित बंद करून ठेवले.

मुंबई बंदर ते देवासची टेकडी

हिंदुस्थानकडे त्यांना ओढून आणले ते एका मैत्रीने. अलीगढ चळवळीचे प्रणेते सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांना लॅटिन शिकविण्याची कामगिरी १९०६ मध्ये फॉर्स्टर यांच्याकडे आली. ऑक्सफर्डला जाण्याच्या तयारीत असलेल्या या देखण्या, बोलक्या, मनस्वी तरुणाने शिकवणीपेक्षा गप्पाच अधिक केल्या. शिक्षकाचे त्याच्यावर प्रेम जडले. मसूद यांना त्या प्रकारे प्रतिसाद देता आला नाही. पण मैत्री त्यांनी अखेरपर्यंत निभावली. हिंदुस्थान हा फॉर्स्टर यांच्यासाठी साम्राज्याच्या नकाशावरील रंगीत तुकडा न राहता एका मित्राचा देश झाला.

ऑक्टोबर १९१२ मध्ये डिकिन्सन आणि आर. सी. ट्रेव्हेलियन या मित्रांसह फॉर्स्टर मुंबईत उतरले. सुमारे सहा महिन्यांच्या या भ्रमंतीत ते अलीगढ, दिल्ली, लाहोर, पाटण्याजवळचे बांकीपूर अशा अनेक ठिकाणी राहिले. गयेजवळील बराबर टेकड्यांतील प्राचीन लेणी त्यांनी जानेवारी १९१३ मध्ये पाहिली. गुळगुळीत भिंतींमध्ये घुमणारा तेथील प्रतिध्वनी पुढे त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कादंबरीच्या केंद्रस्थानी आला.

या प्रवासात ते १९१२च्या डिसेंबरमध्ये माळव्यातील देवासला गेले. केंब्रिजमधील त्यांचे स्नेही माल्कम डार्लिंग हे सनदी अधिकारी होते आणि देवासच्या तरुण राजाचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते. देवास हे अजब संस्थान होते. पवार घराण्यातील दोन भावांमुळे त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या होत्या. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार आणि वर टेकडीवर देवीचे ठाणे. थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव हे तेव्हा चोवीस वर्षांचे होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी त्यांचा १९०८ मध्ये विवाह झाला होता. लहान चणीचे, विनोदी, भाविक आणि कमालीचे लाघवी असे हे राजे फॉर्स्टर यांना पहिल्याच भेटीत आवडले.

इंग्लंडला परतल्यावर हिंदुस्थानविषयी कादंबरी सुरू झाली. पण काही प्रकरणांनंतर लेखणी अडली. पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१५च्या अखेरीस फॉर्स्टर रेडक्रॉसचे काम घेऊन अलेक्झांड्रियाला गेले. इस्पितळांत जखमी सैनिकांच्या खाटेशेजारी बसून बेपत्ता साथीदारांची माहिती काढावयाची, असे ते काम होते. तीन वर्षांहून अधिक काळ अनोळखी माणसांचे बोलणे ते ऐकत होते. तेथेच मोहम्मद अल-अद्ल या ट्राम कंडक्टरशी त्यांचे प्रेमाचे नाते जुळले. १९२२ मध्ये क्षयाने अल-अद्लचा मृत्यू झाला आणि हे दुःखही त्यांना चारचौघांत मांडता आले नाही.

१९२१ मध्ये तुकोजीराव महाराजांनी बोलावणे पाठविले. त्यांचे खासगी सचिव रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी काही महिने काम करावयाचे होते. बेचाळीस वर्षांचे फॉर्स्टर देवासला आले. बागा, मोटारी, वीजघर अशी जी कामे त्यांच्या गळ्यात पडली, त्यांतील एकाचीही त्यांना माहिती नव्हती. नवा राजवाडा अर्धवट बांधून पडला होता, हिशेबांचा मेळ नव्हता आणि दरबारातील कारस्थानांचा थांग लागत नव्हता. या साऱ्या गोंधळाच्या मध्यभागी महाराज होते. राज्यकारभारात ढिसाळ, खर्चात बेफाम, मैत्रीत अत्यंत सूक्ष्म आणि देवापुढे लहान मुलासारखे, असे त्यांचे रूप होते.

त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीने फॉर्स्टर यांना पुरते चक्रावून टाकले. जुन्या राजवाड्यात दिवसचे दिवस भजन चालले. महाराज अनवाणी, टाळ घेऊन, भान हरपून मूर्तीपुढे नाचत होते. एकीकडे बँडचा गोंगाट, फुलांचा आणि चकचकीत कागदांचा खच, तर दुसरीकडे अस्सल भक्ती. अखेरच्या दिवशी मातीच्या गोकुळाची मिरवणूक निघून तलावात विसर्जन झाले. श्रद्धेने ख्रिस्ती न राहिलेल्या आणि अभिरुचीने काटेकोर असलेल्या या इंग्रजाला त्यातील बरेचसे बेढब वाटले. तरीही ते खोटे वाटले नाही. मातोश्रींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी हा सोहळा बारकाईने टिपून ठेवला.

देवासमध्ये कादंबरीचे एक पानही पुढे सरकले नाही. अर्धवट हस्तलिखित समोरच्या जिवंत हिंदुस्थानापुढे त्यांना फिके वाटू लागले होते. इंग्लंडला परतल्यावर, लेओनार्ड वुल्फ यांच्या आग्रहामुळे त्यांनी ते पुन्हा हाती घेतले आणि जून १९२४ मध्ये 'अ पॅसेज टू इंडिया' प्रसिद्ध झाली. अर्पणपत्रिकेत मसूद यांचे नाव आणि सतरा वर्षांच्या मैत्रीचा उल्लेख आहे.

या कादंबरीत डॉक्टर अझीझ हा उत्साही, मानी, क्षणात भडकणारा आणि क्षणात विरघळणारा माणूस आहे. लेण्यांत आपल्यावर हल्ला झाल्याचा आरोप अॅडेला क्वेस्टेड ही इंग्रज तरुणी त्याच्यावर करते. चंद्रपूरमधील सारा गोरा समाज तिच्यामागे उभा राहतो आणि भर न्यायालयात ती आरोप मागे घेते. रूक्ष आणि काहीशी नीरस वाटणाऱ्या या मुलीच्या अंगी एवढे धैर्य असेल, अशी कल्पना वाचकाने केलेली नसते. परंतु सत्य जाणून घेण्याचा तिचा हट्ट पहिल्या पानांपासून पेरलेला असल्याने तो प्रसंग पटतो. मिसेस मूर या प्रेमळ वृद्धेच्या मनात लेण्यातील प्रतिध्वनी सारी श्रद्धा पोखरून टाकतो. कलेक्टर टर्टन आणि क्लबातील त्यांचे सहकारी मात्र बरेचसे एकरंगी राहिले आहेत. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याबद्दल तक्रारही केली. लेण्यात नेमके काय घडले, हे फॉर्स्टर यांनी सांगितले नाही. सुरुवातीच्या खर्ड्यांत तो प्रसंग उघड लिहिला होता. अंतिम लेखनात त्यांनी तो काढून टाकला.

मराठी वाचकाला त्यातील प्राध्यापक नारायण गोडबोले हे पात्र विशेष जवळचे वाटावे. डोक्याला फेटा, अंगात कोट, धोतर आणि पायांत मोजे घालणारा हा दख्खनी ब्राह्मण प्रथमदर्शनी विनोदी वाटतो. अझीझवर आभाळ कोसळले असताना तो शाळेच्या नावाची चर्चा करतो. पण अखेरच्या भागात, मऊ नावाच्या हिंदू संस्थानातील कृष्णजन्माच्या उत्सवात, तोच गोडबोले भजनी मंडळींसोबत उभा राहतो, तुकारामाच्या नावाचा गजर होतो आणि त्याच्या भक्तीत सर्व प्राणिमात्रांना जागा आहे, असे दिसू लागते. देवासची गोकुळाष्टमी अशा रीतीने इंग्रजी साहित्यात अजरामर झाली.

केंब्रिजची व्याख्याने

या कादंबरीला मोठे यश मिळाले, जेम्स टेट ब्लॅक पारितोषिकही लाभले. १९२७च्या प्रारंभी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने क्लार्क व्याख्यानमालेसाठी फॉर्स्टर यांना पाचारण केले. आदल्या वर्षी याच मालेत टी. एस. एलियट बोलले होते. फॉर्स्टर यांनी विद्वत्तेचा आव आणला नाही. गप्पा माराव्यात तशा सुरात ते बोलले. शतकांचा क्रम त्यांनी बाजूला ठेवला आणि सर्व काळांतील कादंबरीकार एका गोल दालनात बसून एकाच वेळी लिहीत आहेत, अशी कल्पना करण्यास श्रोत्यांना सांगितले. ही व्याख्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या पुस्तकाच्या रूपात आली.

पात्रांसाठी त्यांनी दोन व्याख्याने राखून ठेवली. जन्म, अन्न, निद्रा, प्रेम आणि मृत्यू या मानवी जीवनातील पाच मुख्य गोष्टी. कादंबरीतील माणसे मात्र क्वचितच झोपतात, जेवतात ती बहुधा गप्पांसाठी आणि प्रेमात अखंड गुंतलेली असतात. मग ती खरी का वाटतात? फॉर्स्टर यांचे उत्तर असे की, प्रत्यक्षातील माणसांना आपण बाहेरच्या खुणांवरूनच ओळखतो; कादंबरीतील माणसांचे अंतरंग मात्र लेखकाला ठाऊक असते आणि त्याची इच्छा असेल तर वाचकालाही ते कळू शकते. आयुष्यात न मिळणारी ही संपूर्ण ओळख कादंबरीत मिळते, म्हणून तिचा आधार वाटतो.

यापुढे आली ती प्रसिद्ध विभागणी. सपाट पात्र एकाच गुणाभोवती किंवा कल्पनेभोवती रचलेले असते आणि एका वाक्यात मावते. 'डेव्हिड कॉपरफिल्ड'मधील मिसेस मिकॉबर यांचे उदाहरण त्यांनी दिले. नवऱ्याला कधीही सोडणार नाही हे त्या सांगतात आणि सोडत नाहीत. त्यांच्याविषयी याहून अधिक जाणण्यासारखे काही नाही. परंतु सपाट पात्र म्हणजे फसलेले पात्र, असे फॉर्स्टर यांनी म्हटले नाही. ते आले की वाचक लगेच ओळखतो, पुस्तक मिटल्यावरही विसरत नाही आणि लेखकालाही त्याची पुन्हा पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. डिकन्स यांची बहुतेक पात्रे सपाट असूनही त्यांत चैतन्य आहे, याचा अर्थ सपाटपणात समीक्षक समजतात त्याहून अधिक सामर्थ्य असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विनोदासाठी अशी पात्रे उत्तम. गंभीर किंवा शोकात्म भूमिका त्यांच्याकडे दिली की मात्र ती कंटाळा आणतात, ही मर्यादाही त्यांनी दाखविली.

गोलाकार पात्रांसाठी त्यांनी 'वॉर अँड पीस'मधील माणसे, मादाम बोव्हारी, 'व्हॅनिटी फेअर'मधील बेकी शार्प यांची नावे घेतली. जेन ऑस्टिन यांच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मधील लेडी बर्ट्रम या आळशी, सोफ्यावर कुत्रा घेऊन बसणाऱ्या बाईचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ती जवळजवळ सबंध कादंबरीभर सपाट आहे. मुलींवर बदनामीचा प्रसंग येतो तेव्हा मात्र ती क्षणभर भरीव होते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. पात्र साधे ठेवूनही त्याच्या पोटात वाढण्याची शक्यता राखता येते, हे कौशल्य फॉर्स्टर यांना महत्त्वाचे वाटले.

त्यांची कसोटी थोडक्यात अशी होती. जे पात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते, ते गोलाकार. जे कधीच चकित करीत नाही, ते सपाट. आणि जे चकित करते पण पटत नाही, ते गोलाकार असल्याचे सोंग करणारे सपाट पात्र होय. नव्या लेखकाला याहून उपयुक्त सल्ला क्वचितच मिळेल. पात्राला चार परस्परविरोधी गुण चिकटवले म्हणजे ते गुंतागुंतीचे होत नाही. अनपेक्षित कृतीची मुळे आधीच्या वागण्यात सापडावी लागतात. तसेच, प्रत्येक पात्र गोलाकार करण्याचीही गरज नसते. कादंबरी पेलण्यासाठी दोन्ही प्रकारची माणसे लागतात. या विभागणीवर टीकाही झाली. स्कॉटिश समीक्षक एडविन म्यूर यांनी १९२८ मध्ये सपाट पात्रांची बाजू अधिक जोरकसपणे मांडली. तरीही परिभाषा टिकली ती फॉर्स्टर यांचीच.

अनुत्तरित राहिलेला माणूस

व्याख्यानांच्या त्याच वर्षी, १९२७च्या अखेरीस, देवासमधून धक्कादायक वार्ता आली. युवराज विक्रमसिंहराव वडिलांवर गंभीर आरोप करीत संस्थान सोडून निघून गेले. महाराणी अक्कासाहेब त्यापूर्वीच पतीपासून विभक्त झाल्या होत्या. वृत्तपत्रांना सनसनाटी विषय मिळाला, ब्रिटिश राजकीय खात्याच्या चौकशा मागे लागल्या आणि कर्जाने संस्थान पुरते बुडाले. १९३३ नंतर तुकोजीराव पाँडिचेरीत जाऊन राहिले ते परतलेच नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मसूदही गेले. सरकारी दप्तराने महाराजांचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. उधळ्या आणि नालायक राजा, एवढीच त्यांची नोंद उरली.

फॉर्स्टर यांना हा निकाल मान्य नव्हता. महाराजांच्या चुका त्यांनी जवळून पाहिल्या होत्या आणि त्या नाकारण्याचा प्रयत्नही केला नाही. पण टाळ घेऊन नाचणारा, मित्राच्या मनातले ओळखणारा आणि अपमानाच्या क्षणीही दुसऱ्याचा मान राखणारा माणूसही त्यांनी तितक्याच जवळून पाहिला होता. १९५३ मध्ये, महाराजांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, त्यांनी देवासची जुनी पत्रे 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात एकत्र केली आणि तेथील वास्तव्य ही आपल्या आयुष्यातील मोठी संधी मानली. सारे जग ज्या माणसाला एका वाक्यात बसवीत होते, त्या माणसासाठी एक पुस्तक लिहावे, ही त्यांची मैत्री होती. इतिहासाने आणखी एक वळण घेतले. घर सोडून गेलेले युवराज १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले.

'अ पॅसेज टू इंडिया'नंतर फॉर्स्टर आणखी शेहेचाळीस वर्षे जगले. पण हयातीत त्यांची दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. निबंध, चरित्रे, आकाशवाणीवरील भाषणे यांतून ते बोलत राहिले. १९३४ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' या १९३५ मधील कादंबरीला त्यांनी प्रस्तावना लिहिली. सफाई कामगार तरुणाला नायक करणारी ती कादंबरी त्यापूर्वी अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीच्या पूर्वेकडील सेवेवरून त्यांनी भारतीय श्रोत्यांसाठी पुस्तकांवर भाषणे केली. १९४५ मध्ये लेखकांच्या परिषदेसाठी ते तिसऱ्यांदा भारतात, जयपूरला आले. त्याच वर्षी आईचे निधन झाले होते. पुढे किंग्ज कॉलेजने त्यांना मानद सदस्यत्व देऊन आवारातच राहावयास जागा दिली. सरदारकी त्यांनी नाकारली; १९६९ मध्ये मात्र 'ऑर्डर ऑफ मेरिट' स्वीकारली. ७ जून १९७० रोजी कॉव्हेन्ट्री येथे, बॉब बकिंगहॅम या निवृत्त पोलिसाच्या आणि त्याच्या पत्नीच्या घरी, त्यांनी अखेरचा श्वास घेतला. बकिंगहॅम हा त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत जिवलग सोबती होता.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा इंग्लंडमध्ये १९६७ साली शिथिल झाला होता. तरीही 'मॉरिस' प्रसिद्ध झाली ती लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये. संकोची, आईच्या सावलीत राहणारे, चांगुलपणाचे दुसरे नाव असलेले सभ्य गृहस्थ अशी फॉर्स्टर यांची प्रतिमा सर्वसामान्य वाचकाच्या मनात होती. ती प्रतिमा एका वाक्यात मावत होती. 'मॉरिस'ने वाचक चकित झाले. मग त्यांनी जुन्या कादंबऱ्या पुन्हा उघडल्या. मनातले बोलू न शकणारी माणसे, भिन्न वर्गांतील आणि भिन्न वंशांतील अवघड मैत्र्या, समाजाच्या धाकाने गुदमरलेले प्रेम, हे सारे तेथे पहिल्यापासूनच होते. धक्का बसला आणि तो पटलाही.

डेव्हिड लीन यांनी १९८४ मध्ये 'अ पॅसेज टू इंडिया' पडद्यावर आणली आणि पाठोपाठ मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी 'अ रूम विथ अ व्ह्यू', 'मॉरिस' व 'हॉवर्ड्स एंड' यांवर चित्रपट काढले. त्यामुळे फॉर्स्टर यांची पात्रे नव्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. परीक्षेतला तो प्रश्नही सुटलेला नाही. व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत मिकॉबर आणि बेकी शार्प यांच्या जोडीला देवासच्या तुकोजीरावांचे नाव लिहिले, तर परीक्षक कदाचित गुण कापतील. फॉर्स्टर यांना मात्र ते उदाहरण नक्कीच पटले असते.